घर शाकारायचे दिवस



आमच्या नेवासा तालुक्यात शनिशिंगणापूर आहे, हे आपल्याला ठाऊकच आहे. तिथल्या घरांना दारं न लावण्याची परंपरा आहे. चौकट असते, दार नसतं. आणि खुद्द शनिदेवाला छप्पर नाही. चौथऱ्यावरची ती काळी शिळा ऊन, वारा, पाऊस अंगावर घेत उघड्यावर उभी आहे. देवाला हे जमतं, माणसाला जमत नाही. दारावाचून एखाद्या गावाचं चालू शकतं, छपरावाचून कुणाचंच चालत नाही.

मला ‘पाऊस’ या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, अंगणात पडणाऱ्या पावसावर आम्ही कवींनी पुष्कळ लिहिलं आहे. मी घरात पडणाऱ्या पावसावर बोलतो. म्हणजे गळतीवर. मी काही इंजिनिअर नाही. मराठी घेऊन बी.ए. झालेला, पतसंस्थेत कारकुनी केलेला आणि कविता लिहिणारा माणूस. पण पन्नास वर्षं गळतीशी झगडलो आहे, एवढा अधिकार मला आहे.

माझा जन्म 1972च्या दुष्काळातला. पाण्याचं दुर्भिक्ष होतं त्या वर्षी मी आलो आणि पुढचं सगळं आयुष्य पाणी अडवण्यात गेलं, असं अम्मी गमतीनं म्हणते. आमचा तालुका पर्जन्यछायेतला. पाऊस मोजका. पण तो रोज थोडा थोडा येत नाही. जून-जुलै कोरडे जातात आणि उत्तरा-हस्तात एका रात्रीत तो महिन्याची उधारी चुकती करतो. कोकणातल्या घराला चार महिने पाण्याची सवय असते. आमच्या घराला सवयच नसते. म्हणून कमी पावसाच्या गावात गळती नसते, हा समज खोटा आहे. आमच्याकडे ती नेमकी बेसावध असताना गाठते.

आमचं जुनं घर नेवाशाच्या गावठाणातलं. धाब्याचं. कुणी त्याला माळवद म्हणतात. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. दगडमातीच्या जाड भिंती. त्यांवर लाकडाच्या तुळया. तुळयांवर आडवे सर. सरांवर दाटीनं मांडलेली किलचणं, म्हणजे लाकडाच्या चिरफळ्या. त्यावर निंबाचा नाहीतर तरवडाचा पाला, पाल्यावर चिखलाचा थर आणि सगळ्यात वर पांढरी माती. पाणी जायला कडेला पन्हाळ. उन्हाळ्यात खाली गार, थंडीत ऊबदार. रात्री वर झोपायला सोय, दिवसा मिरच्या-कुरडया वाळत घालायला जागा.

ही पांढरी माती मोठी नवलाची चीज होती. एक तर ती जुन्या गावठाणाच्या पांढरीतून यायची. पिढ्यान् पिढ्या घरं पडून, राख साठून झालेली ती माती. नेवाशाजवळ प्रवरेच्या काठी लाडमोड नावाचं टेकाड आहे. 1954 ते 1956 या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या डॉ. ह. धी. सांकलियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे उत्खनन केलं, आणि तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीच्या खुणा वर आल्या. घरांच्या जमिनी, मडकी, दगडी हत्यारं. शाळेत असताना हे कळलं, तेव्हा मला वाटलं, म्हणजे महाराष्ट्रभर लोक पांढरीची माती धाब्यावर टाकतात, ती कुणाच्या तरी पडलेल्या घराचीच की. मेलेली घरं जिवंत घरांवर पांघरूण घालतात.

दुसरी माती चोपण जमिनीची. कालव्याचं पाणी आलं, उसाला वारेमाप दिलं गेलं, निचरा झाला नाही, आणि आमच्या भागातल्या कितीतरी जमिनी खारवट, चोपण झाल्या. त्या मातीत सोडियम जास्त असतं. पाणी लागलं की तिचे कण सुटे होतात, फुगतात आणि आपापसातल्या फटी बुजवून टाकतात. पाणी खाली उतरतच नाही. शेतकऱ्याला जी माती रडवते, तीच धाब्याला तारते. शेतात पाणी मुरलं पाहिजे, छपरावर मुरता कामा नये. गुण तोच, जागा बदलली की त्याचा दोष होतो.

अब्बा पिंजारी होते. कापूस पिंजायचा, गाद्या-उशा भरायच्या. धाब्याच्या दोन खणांपैकी एका खणात आम्ही सहा माणसं आणि दुसऱ्या खणात कापूस. ओल लागलेला कापूस पिंजला जात नाही, त्याच्या गुठळ्या होतात, वास धरतो. तेव्हा आमच्या घरात गळती ही गैरसोय नव्हती, ती रोजीरोटीवरची गदा होती. अब्बांचा एक नियम होता. माणसांच्या खणात ठिबकलं तर सकाळी बघू, कापसाच्या खणात ठिबकलं तर आत्ता.

मे महिना संपत आला, रोहिणी निघाल्या की गाढवांवरून माती यायची. अब्बा आणि आम्ही पोरं वर चढायचो. आधी गवत उपटायचं, मुळासकट. अब्बा म्हणायचे, जिथून मूळ गेलं तिथून पाणी जाणार. मग उंदीर-घुशींची बिळं शोधायची, त्यांत खडे आणि चिखल ठासायचा. मागच्या वर्षीची भुसभुशीत झालेली माती खरवडायची. पन्हाळ मोकळी करायची. मग चार बोटं नवी माती पसरायची, पाणी शिंपडायचं आणि लाकडी चोपण्यानं बडवून बडवून दाबायची. पन्हाळीकडे ढाळ आहे की नाही, हे बघायला अब्बांकडे लेव्हलची नळी नव्हती. ते तांब्याभर पाणी धाब्यावर ओतायचे आणि ते कुठे जातं, ते उकिडवे बसून बघत राहायचे. पाणी रेंगाळलं, की तिथे पुन्हा माती. पहिला पाऊस पडून गेला की आणखी एकदा वर. ओल्या मातीला पडलेल्या भेगा पायानं तुडवून बंद करायच्या. तेव्हा कुठे धाबं पावसाळ्याला तयार झालं म्हणायचं.

1979-80च्या सुमाराला रमजान ऐन पावसाळ्यात येत होता. एका रात्री सहेरीला बसलो होतो. बाहेर झड लागलेली. आणि माझ्या ताटलीत थेंब पडला. मग दुसरा. मी ताटली सरकवली, वर बोट दाखवलं आणि म्हणालो, “अब्बा, इथे फुटलंय.” अब्बांनी कंदील वर धरला. किलचणं काळी पडली होती. त्यांनी थेंबाकडे पाहिलं नाही. ते तुळईच्या कडेकडेनं कंदील नेत गेले, ओलीच्या मागे मागे, पार शेजारच्या सामाईक भिंतीपर्यंत. मग राखेची पाटी घेऊन पावसात वर गेले. खालून अम्मी तुळईला लाकडानं ठोकत होती, म्हणजे वर त्यांना जागा कळावी. राख आणि खारी माती त्यांनी भिंतीजवळ दाबली. थोड्या वेळानं ताटलीतला थेंब थांबला. तिथून दहा-बारा फूट लांब!

खाली आल्यावर ओले कपडे पिळत ते म्हणाले, “ठिबकतं तिथे फुटलेलं नसतं, बेटा. पाणी चालत येतं.”

श्रोतेहो, गळतीबद्दलचं सगळं शास्त्र या वाक्यात आहे. पाणी फटीतून शिरतं, आतल्या आत ढाळ मिळेल तसं सरकतं आणि जिथे वाट संपते तिथे खाली येतं. धाब्यात ते तुळईवरून चालतं, पत्र्याखाली वाशावरून, आणि सिमेंटच्या स्लॅबमध्ये कोब्याच्या पोटातून नाहीतर वायरिंगच्या पाइपातून. आपण मात्र डाग दिसतो तिथेच औषध लावतो.

त्या रात्री पाणी आलं होतं शेजारच्या तात्यांच्या धाब्यावरून. तात्यांचं घर आमच्या घराला लागून. भिंत एकच, धाबी एकाच पातळीवर, मध्ये फक्त मातीचा वीतभर बांध. त्यांची पन्हाळ पाल्यापाचोळ्यानं तुंबली होती, म्हणून पाणी बांध ओलांडून आमच्याकडे आलं. सकाळी अब्बा आणि तात्या दोघंही वर. आधी थोडी शब्दाशब्दी झाली. मग असं ठरलं, की पुढच्या वर्षापासून दोन्ही धाब्यांची माती एकाच दिवशी टाकायची. ते मैत्रीखातर नव्हे बरं का. दोघांना व्यवहार कळत होता. शेजारचं छप्पर तुंबलं तर आपलं कोरडं राहत नाही. जुन्या गावठाणात घरांची छपरं एकमेकांना इतकी चिकटलेली असतात, की पाऊस कुणाच्या मालकीत पडला हे सांगता येत नाही.

कोकणात, मावळात यासाठी एक सुंदर शब्द आहे, शाकारणी. पावसाळ्याआधी घर शाकारायचं. म्हणजे गवत बदलायचं, कौलं काढून, झाडून, फुटकी वेगळी करून पुन्हा बसवायची. पंचांगात लिहिलेला नसला तरी तो दिवस घरादाराला माहीत असायचा. आमच्याकडे माती टाकणं म्हणायचे. शब्द निराळे, पण सांगणं एकच. छप्पर एकदा घालून संपत नाही. ते दरवर्षी पुन्हा घालायचं असतं.

आता या जुन्या धाब्याचं मी कौतुक करतो आहे, पण त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. 30 सप्टेंबर 1993. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून माणसं झोपली होती आणि पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. लातूर-उस्मानाबादच्या त्या भूकंपात जवळजवळ आठ हजार माणसं गेली. बहुतेक जण स्वतःच्याच घराखाली. भिंती गोल दगडांच्या, मातीत बांधलेल्या आणि डोक्यावर मातीचं जडशीळ माळवद. कितीतरी घरांत दरवर्षी नवी माती चढली होती, जुनी उतरली नव्हती. थरावर थर साठत गेले. पाण्यापासून वाचवणारं छप्परच अंगावर आलं.

आठवडाभरात अब्बांनी आमच्या धाब्याला कडेनं खोदून पाहिलं. हात-दीड हात माती निघाली. खरवडून टाकायचा नियम ते पाळत होते, पण त्यांच्या आधीच्यांनी पाळला नव्हता. अब्बा बराच वेळ त्या खड्ड्याकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, “आपण याच्याखाली झोपत होतो.”

1996 साली कर्ज काढून मी स्लॅबचं घर बांधलं. जुनी सामाईक भिंत पाडली, आमची भिंत आमच्या हद्दीत घेतली. पुढे 2001मध्ये तात्यांच्या मुलानं, बापूनं, त्यांचं घर बांधलं. त्यांची भिंत त्यांच्या हद्दीत. दोन घरांच्या मध्ये चार बोटांची फट राहिली. तेव्हा वाटलं, बरं झालं. आता कुणाचं पाणी कुणाकडे नको.

स्लॅब पडला त्या दिवशी अब्बा किती खूश होते! “आता माती नको, गाढवं नकोत,” म्हणाले. जिना बांधायला पैसे उरले नव्हते. लोखंडी शिडी लावून काम भागवलं. आणि तिथेच चूक झाली. शिडीनं कोण वर जातं? पहिली दोन-तीन वर्षं अब्बा मे अखेरीला सवयीनं चढले. पुढे गुडघे दुखायला लागले. 2008मध्ये ते गेले. त्यानंतर आमच्या छपरावर टाकी बसवणारा गेला, डिश अँटेना लावणारा गेला, घरातलं कुणी गेलं नाही. स्लॅबला शाकारणी नसते ना! आमच्या भाषेत तसा शब्दच नाही. ज्या कामाला शब्द नाही, ते काम राहून जातं.

अम्मीच्या खोलीत पहिला डाग दिसला 2011च्या आसपास. भिंतीच्या वरच्या कोपऱ्यात, नकाशासारखा. मी काय केलं? रंगवला. पुढच्या वर्षी रंगाचे पोपडे निघाले. दुकानदारानं महागडा वॉटरप्रूफ रंग दिला, तो आतून लावला. आतून लावलेला रंग म्हणजे जखमेवर पावडर. पाणी यायचं थांबत नाही, फक्त दिसायचं थांबतं. ते आत साठतं आणि सळईपर्यंत पोचतं. लोखंड गंजलं की फुगतं. गंजाला मूळच्या लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती जागा तो काँक्रीट फोडून घेतो. एके दिवशी अम्मी नमाज पढून उठली, जानमाजची घडी घालून बाजूला झाली आणि छताचा परातीएवढा गिलावा खाली आला. खाली नुसती फरशी फुटली. मग एका मिस्त्रीच्या सांगण्यावरून जुना कोबा न काढता त्यावर दुसरा कोबा घातला. विटांच्या तुकड्यांचा चार इंची कोबा म्हणजे चौरस फुटाला अठरा-वीस किलो वजन. पाचशे फुटांच्या छपरावर नऊ-दहा टन! थरावर थर. किल्लारीचा धडा मी विसरलो होतो. आणि डाग तिथल्या तिथेच होता.

2022च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस असा कोसळला, की रात्रभरात त्या भिंतीवरून पाणी उतरून खाली ठेवलेल्या पत्र्याच्या पेटीत शिरलं. पेटीत माझ्या कवितांच्या वह्या होत्या. पंधरा-सोळा वर्षांच्या. बॉलपेननं लिहिलेल्या वाचल्या, कारण ती शाई तेलाची. शाईच्या पेनानं लिहिलेल्या तीन वह्या निळ्या पाण्यानं भरून गेल्या होत्या. कुठे अर्धी ओळ, कुठे नुसता काना. त्यांतल्या पुष्कळ कविता कुठेच छापलेल्या नव्हत्या. अम्मीनं त्या वह्या दोरीवर वाळत घातल्या, लहानपणी भिजलेला कापूस पसरायची तशा. वाळल्यावर त्यांत वाचण्यासारखं काही राहिलं नव्हतं. पण अजून त्या मी टाकलेल्या नाहीत.

त्या सकाळी मी शिडी लावली आणि कितीतरी वर्षांनी पहिल्यांदा वर गेलो. अब्बांसारखा डागाच्या मागे मागे गेलो. आमचा स्लॅब शाबूत होता. पाणी शिरत होतं त्या चार बोटांच्या फटीतून. पावसाचं, दोन्ही कठड्यांवरून ओघळणारं सगळं पाणी त्या फटीत उतरत होतं. आत पिंपळाचं रोप रुजलेलं, कचरा साचलेला. ओल आमच्या भिंतीला होती, तेवढीच बापूच्या भिंतीलाही असणार. मी दहा वर्षं माझं छप्पर दुरुस्त करत होतो. ती फट कुणाच्याच सातबाऱ्यावर नव्हती.

आता अडचण अशी होती, की बापूचं आणि माझं बोलणं जवळजवळ थांबलेलं. भांडण असं काही झालं नव्हतं. पण मधल्या काळात गावात, मोबाइलवर, कट्ट्यावर जे जे बोललं जात होतं, ते दोघांच्याही कानांवर जात होतं आणि आम्ही समोरासमोर आलो की दोघंही घाईत असायचो. ईदचा शीरखुर्मा मुलाच्या हाती जायचा, दिवाळीचा फराळ सुनेच्या हाती यायचा. आम्ही दोघं मात्र उंबरा ओलांडत नव्हतो. कुठे फुटलंय, ते आम्हालाही ठाऊक नव्हतं.

मी दोन दिवस शब्द जुळवत होतो. शेवटी अम्मीच त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. म्हणाली, “बापू, माझ्या खोलीत पाणी येतं. तुझ्या येतं का?” बापू म्हणाला, “चाची, आमच्या देवघराची भिंत ओली आहे. मला वाटलं, तुमच्या टाकीचं पाणी आहे.” तो आमच्या टाकीवर संशय घेत होता, मी त्याच्या कठड्यावर. संध्याकाळी आम्ही दोघं वर होतो.

बापू म्हणाला, “भाई, सिमेंटनं बुजवून टाकू.” आम्ही तसं करणारच होतो. पण एका जाणत्या गवंड्यानं थांबवलं. तो म्हणाला, “दोन घरं दोन पायांवर उभी आहेत. उन्हाळ्यात दोन्ही तापून वाढणार, थंडीत आखडणार, आणि सारखी नाही. सिमेंटनं जखडलीत तर पहिल्याच उन्हाळ्यात तडकणार.” त्यानं फट साफ केली, पिंपळाचं रोप मुळासकट काढलं, कठड्यांचे माथे नीट केले आणि वर गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची वाकवलेली पट्टी बसवली. एका कठड्याला स्क्रूनं घट्ट. दुसऱ्या कठड्यावर नुसती पुढे आलेली, खाली लवचीक सीलंट, म्हणजे दोन्ही घरांना हलायला मोकळीक राहील आणि पाणी आत जाणार नाही. घट्ट कुणाच्या बाजूला करायची, हा प्रश्न आला. बापू म्हणाला, “तुमच्या बाजूला करा, माझा कठडा कच्चा आहे.” खर्च निम्मा-निम्मा. दोन कोब्यांवर मी घालवले त्याच्या मानानं तो काहीच नव्हता. पुढे वरचा कोबाही उतरवला. त्यानंतरच्या पावसाळ्यांत, अगदी 2025च्या सप्टेंबरातल्या अतिवृष्टीतही, अम्मीची भिंत कोरडी राहिली.

आता माझ्या या फजितीतून आपल्या उपयोगाचं चार शब्दांत सांगतो. जूनच्या आधी एकदा स्वतः वर जा. पाणी जायची तोंडं मोकळी करा. निम्मी गळती नुसत्या तुंबलेल्या पन्हाळीची असते. तांब्याभर पाणी ओतून बघा. दहा फुटांना सव्वा इंच तरी ढाळ हवा. स्लॅब आणि कठडा जिथे भेटतात तो काटकोन बघा. तिथे सिमेंटची गोलाई हवी, नाहीतर पहिली भेग तिथेच. टाकीचे पाय, सोलरचे स्टँड, डिशचे बोल्ट बघा. आपण पैसे देऊन छपराला भोकं पाडून घेतो आणि मग गळतीला दोष देतो. भेग असेल तर वरून नुसतं सिमेंट फासू नका. ती थोडी रुंद करून, झाडून, धुऊन मगच गवंड्याकडून भरून घ्या. शंका असेल तर पन्हाळ बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस साठवा आणि खाली नजर ठेवा. आणि भर उन्हाळ्यात ठिबकत असेल, तर छपराला बोल लावू नका. ते नळाच्या नाहीतर मोरीच्या पाइपाचं काम.

ज्यांच्या घरावर पत्रा आहे त्यांनी स्क्रू बघावेत. स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर हवा, पाणी वाहतं त्या खोलगटीत नव्हे, आणि त्याखालचं रबरी वॉशर उन्हानं चिरलेलं नसावं. खालच्या-वरच्या पत्र्याचा सहा इंच तरी एकमेकांवर चढाव हवा, आणि कडांची उघडी बाजू वाऱ्याच्या पावसाकडे नको.

नवं घर बांधणाऱ्यांना एकच सांगेन. आम्ही दुष्काळी भागातली माणसं पाण्याच्या बाबतीत उलटं वागतो. काँक्रीट कालवताना हात सैल सोडतो, म्हणजे माल पातळ होऊन काम लवकर उरकतं. ते जास्तीचं पाणी पुढे उडून जातं आणि मागे बारीक पोकळ्या ठेवतं. आणि स्लॅब पडल्यावर, जेव्हा त्याला खरंच पाणी हवं असतं, तेव्हा टँकर परवडत नाही म्हणून दोन दिवसांत हात आखडतो. स्लॅबवर वाफे बांधून दहा-बारा दिवस पाणी ठेवा. आणि शक्य असेल तर जिना बांधा. खोली एक कमी झाली तरी चालेल. ज्या छपरावर सहज जाता येत नाही, ते गळणारच.

आमच्या नेवाशात ज्ञानेश्वर माउलींच्या टेकण्याचा खांब आहे. पैस. शके 1212मध्ये, म्हणजे 1290 साली, त्याला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली गेली अशी श्रद्धा आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘पैस’ या लेखानं तो सगळ्या महाराष्ट्राच्या वाचकांपर्यंत पोचला. तो ज्या जुन्या देवळाचा होता ते देऊळ गेलं, छत गेलं, खांब राहिला. पुढे लोकांनी त्याच्याभोवती, त्याच्यावर पुन्हा मंदिर उभं केलं. मी लहानपणापासून तिथे जातो. आता जातो तेव्हा खांबाबरोबर वरही बघतो. सातशे वर्षं टिकलेल्या खांबालाही डोक्यावरचं छप्पर कुणीतरी पुन्हा घालून द्यावं लागलं.

परवा रोहिणी निघाल्या. बापूनं सकाळीच हाक मारली, “भाई, येताय ना वर?” आता आमच्याकडे जिना आहे. झाडू, तांब्या आणि पाण्याची बादली घेऊन आम्ही दोन्ही छपरं पाहिली. पट्टीखालच्या सीलंटला एका ठिकाणी चीर गेली होती, ती भरायला सांगितली आहे. आमची नातवंडं मागोमाग वर आली होती. त्यांनी विचारलं, “तुम्ही इथे काय करताय?” बापू म्हणाला, “घर शाकारतोय.”

शब्द कोकणातला, पण आता आम्हीही तोच वापरायचं ठरवलं आहे. तुमच्याकडे काय म्हणत असतील ते म्हणा, पण मृग लागायच्या आत एकदा वर जाऊन या.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)